चार पेडांची दोरी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एवढंच. मी गाडीखाली खड्ड्यात उभा होतो आणि ती पुढं बंपरपाशी वाकून हँडल फिरवत होती.

सकाळचा चहा झाला होता. गाडी फार जुनी, बंपरच्या भोकातून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचं, त्या काळातली. मी खालून बॅटरीचा उजेड धरून बघत होतो. मला तिची फक्त पावलं दिसत होती आणि हिरव्या लुगड्याची कड.

"फिरव," मी म्हटलं.

अर्धा फेरा झाला आणि थांबली.

"आज जड हाय वो."

"जड असणारच. दोरी नवी हाय. फिरव गप."

"गप फिरवते. पण जड हाय, सांगून ठेवते."

चार फेरे फिरवले तिनं. मी मोजले. मग हँडल काढून जमिनीवर टाकल्याचा आवाज आला.

"झालं का तुमचं? का अजून नाचवताय?"

"झालं. जा."

मी वर आलो तेव्हा ती डावा खांदा चोळत होती. म्हणाली, खांदा भरला. मी म्हटलं, "सुरमई कापताना भरत न्हाय का?"

"सुरमई खालनं वरडत न्हाय तुमच्यासारखी," ती म्हणाली आणि हसत भाकऱ्या थापायला गेली.

दुपारी जेवलो. ती आडवी झाली. चार वाजता मी चहासाठी हाक मारली. दोन हाका मारल्या, तिसरी मारताना मला कळलं होतं.

शेजारच्या वहिनीनं गावातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण पोरगी आहे, स्कूटरवर येते. तिनं डोळे बघितले, नाडी बघितली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, हार्टचा झटका असणार. त्यांना त्रास झाला नाही फार." मग तिनं विचारलं, "आज काही जड काम केलं होतं का त्यांनी?"

आमची मुलगी पनवेलला असते. वहिनीनं तिला फोन लावून दिला होता आणि तो फोन माझ्या हातात चालूच होता. ती ऐकत होती.

मी म्हटलं, "न्हाय."

एवढंच बोललो. त्या एका शब्दापायी हे सगळं लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर चुकलं.

मी इंजिनवाला माणूस. आमचं घर श्रीवर्धनच्या पुढं, कोळीवाड्यात. आधी बोटींची इंजिनं केली, मग माणगावला हायवेवर गॅरेज होतं, गुडघे गेले तेव्हा ते बंद करून घराच्या मागं शेड टाकली. खाली उतरून काम करायला खड्डा मी माझ्या हातानं खणला. तेव्हापासून हातभार लावायला तीच. पाना कुठला हवा ते मी मागायच्या आधी तिच्या हातात असायचा. जाळी विणणाऱ्या बापाची पोर, तिला दोरीतलं, गाठीतलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

ही गाडी नागावच्या एका माणसाची. त्याचं होमस्टे आहे. गाडी अंगणात उभी ठेवतो, पाहुणे येतात, तिला टेकून फोटो काढतात. त्यानं अंगणात नवीन फरशी घातली आणि गाडी त्या फरशीवर रोज तेल गाळायची. गाडी चालते का नाही याची त्याला फिकीर नव्हती. "काका, डाग पडतो हो," एवढंच म्हणायचा. ट्रकवर घालून माझ्याकडं पाठवून दिली.

जुन्या इंजिनाचं तेल कुठून गळतं ते डोळ्यांना दिसत नाही. वारा तेल मागं नेतो, सगळं इंजिन काळं, गळतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडून. म्हणून आधी रॉकेलनं धुवायचं, पुसायचं, कोरडं झालं की वर पावडर मारायची आणि इंजिन चालू करायचं. जिथं पावडर पहिली भिजेल तिथं भोक. पावडर तोंडाला लावायचीच. मी तिचा डबा उचलला की ती म्हणायची, "लावा, लावा. लग्नात माझ्या तोंडाला लागली न्हाय एवढी त्या इंजिनाला लागली."

वरच्या झाकणाचं पॅकिंग गळत होतं, ते बदललं. खालच्या चेंबरचं बदललं. तरी मागनं एक ओघळ येत राहिला. मग समजलं, ही दोरी.

ही दोरी म्हणजे काय ते सांगतो. इंजिनाच्या पोटात जो दांडा फिरतो, क्रँक, त्याच्या मागच्या टोकाला आता रबराचं सील असतं. त्या काळात दोरी असायची. खाचेत दोरी दाबून बसवायची, दांड्याला ती घट्ट वेढून राहते आणि तेल बाहेर जाऊ देत नाही. ढिली बसली तर गळते. घट्ट बसली तर दांडाच आवळून धरते. म्हणून बसवताना कुणीतरी वरनं हँडल फिरवून बघायचं आणि कुणीतरी खालनं नट आवळायचा. एकट्याचं काम नाही ते.

तसली तयार दोरी आता मिळत नाही. मुंबईला विचारलं, हसले. तेव्हा ती म्हणाली, मी वळून देते. सुताचे पेड घेतले, चरबी आणि काळी ग्राफाइट पावडर चोळली, आणि जाळ्याची दोरी वळतात तशी मांडीवर वळली. लुगड्याला काळे डाग पडले. तीन पेडांची दोरी केली तिनं.

मी म्हटलं, "चौथा पेड घाल."

"कशाला? बसते ना बरोबर."

"परत गळली तर तो नागाववाला रडत येईल. घाल चौथा."

"आवळून धरेल हां."

"इंजिन तुझं का माझं?"

तिनं उकलली आणि चार पेडांची वळली. तेलात दोन दिवस भिजत ठेवा म्हणाली. मी एक दिवसच ठेवली. मला घाई होती. कशाची होती ते आता आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. हँडल फिरवायच्या आधी प्लग काढायचे असतात. प्लग आत असले तर हवा आत कोंडते आणि हँडल उलटं ढकलतं, जड जातं. प्लग काढले की पोरानं फिरवावं इतकं हलकं. हे मी चाळीस वर्षं करत आलो, प्लग काढणं माझं काम. ती फिरवायची, मी काढून द्यायचो.

त्या सकाळी काढले होते का?

मला आठवेना. चहाच्या कपाची कड फुटकी होती ते आठवतं. तिच्या पायाच्या बोटातली जोडवी आठवतात. प्लग आठवेनात. तिला जाळून आलो, दगडाला पाणी घातलं, दहावा झाला, तेरावा झाला, मला फक्त तेवढंच आठवायचं होतं आणि तेवढंच आठवत नव्हतं. बॉनेट उचलून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. उचललं नाही. शेडसमोरून जायचं झालं तर मी वहिनीच्या परसातून वळसा घालून जायचो. विहिरीच्या रहाटाचा आवाज आला तरी मी घरात जाऊन दार लावायचो, हँडलसारखा वाटायचा.

एकदा वहिनी मासळीची पाटी उचलत होती. मी धावत गेलो, पाटी हिसकावून घेतली.

"भावजी! याड लागलं का?"

"खांदा दुखतो का तुझा?"

"चाळीस वर्सं उचलतेय. खांद्याला आता कंटाळा आलाय, दुखत न्हाय." मग माझ्या तोंडाकडं बघून ती हळू झाली. "जेवलात का तुम्ही?"

जेवलो होतो. मुलगी राहिली होती, ती करून घालायची. पण जेवणाची वेळ मला सगळ्यात वाईट वाटायची, कारण ताटावर बसलो की ती विचारायची.

"बाबा, आईनं त्या दिवशी काय काय केलं, सांगा ना."

आईचा शेवटचा दिवस तिला पाहिजे होता. पनवेलला होती, चुकला तिचा. मी सांगायचो. उठली, चूल, आंघोळ, तुळस, चहा. मग भाकरी, सुकटीचं कालवण. मग जेवलो. मग आडवी झाली.

चार-पाच दिवस ऐकल्यावर ती म्हणाली, "चहा झाला सातला. भाकऱ्या टाकल्या अकराला. मधे काय करत होती?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"सुपारी सोलत असेल ना?" तीच म्हणाली. पडवीत एक टोपली होती सोललेल्या सुपारीची. आम्ही बागवाल्यांची सुपारी सोलायला आणायचो, गावात सगळेच आणतात.

"व्हय," मी म्हटलं. "सोलत होती."

ती उठली आणि ती टोपली कुशीत घेऊन रडली. मग त्यातल्या मूठमूठ सुपाऱ्या एका कापडी पिशवीत भरल्या, तोंड शिवून घेतलं. म्हणाली, आईच्या हातचं शेवटचं काम, मी घरी देवाजवळ ठेवणार.

ती सुपारी आदल्या दिवशी मी सोलली होती. दोरी तेलात भिजत होती तोवर वेळ जात नव्हता म्हणून. तिच्या हातचं शेवटचं काम इंजिनाच्या पोटात होतं, आणि ते तिथं आहे हे मला एकट्याला माहीत होतं.

एक खोटं पचत होतं, दुसरं पचेना. रोज ती पिशवी दिसायची. खुंटीला टांगलेली. मी तिच्याकडं बघायला घाबरायचो आणि न बघायलाही घाबरायचो. पोरीला सांगितलं तर ती काय म्हणेल? म्हणेल, तुम्ही मारली. तोंडानं नाही म्हणणार. माझ्यावर गेलीय, बोलून टाकणारी आहे, पण हे नाही बोलणार. नुसती बघेल. त्याची भीती जास्त.

महिना झाला तेव्हा तिनं सांगितलं, "बाबा, मी परवा निघते, तुम्ही पण चला. एकटे कसे राहणार?" नागाववाल्यालाही तिनंच फोन केला, की बाबा आता काम करणार नाहीत, गाडी घेऊन जा. भला माणूस आहे तो. म्हणाला, उद्या दुपारी ट्रक पाठवतो, डाग पडला तर पडला.

म्हणजे उद्यानंतर मला कधी कळणार नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मुलगी वहिनीकडं गेली होती. मी शेडमध्ये गेलो. कुणीतरी गाडीवर जुनी चादर टाकली होती. हँडल भिंतीला टेकवलेलं. बॉनेट उचललं.

प्लग नव्हते.

चारही भोकांत हिरव्या कापडाचे बोळे घातले होते, आत कचरा पडू नये म्हणून. लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे, जाळ्याला गाठ मारतात तसे टोकाला पीळ दिलेले. माझ्या हाताचे नव्हते ते. प्लग बाजूला फळीवर तिच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात होते, चारही.

तिनं काढले होते. मी चहा पीत बसलो होतो तेव्हा.

मी तिथंच खाली बसलो. पहिल्यांदा बरं वाटलं. जड नव्हतं मग. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. प्लग काढणं माझं काम. तिनं कधी काढले नाहीत. त्या दिवशी का काढले? हात आधीच दुखत होता का? तिला हलकं हवं होतं का? मला सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत होतं.

आता एकच राहिलं होतं. फिरवून बघायचं. दोरीनं दांडा किती आवळला होता ते हाताला कळतं. चाळीस वर्षांचा हात आहे, अर्ध्या फेऱ्यात कळतं. हलकं फिरलं तर तिच्यासाठी नव्हतं जड. जड फिरलं तर मी.

हँडल घातलं. जोर लावला.

हललं नाही.

पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढलं. कपाळाची शीर उडायला लागली. हललं नाही. आत कुणी धरून बसल्यासारखं.

मग माझ्या लक्षात आलं. दोरीला तेल लागतं. इंजिन फिरत राहिलं तर तेल पोचतं आणि ती मऊ राहते. मी इंजिन उघडं टाकून महिनाभर शेडला पाठ केली. समुद्राची खारी हवा, तेल नाही, फिरवणं नाही. दोरी सुकून दांड्याला चिकटली होती, आतली लोखंडं गंजली होती. आज जे जड होतं ते महिन्याचं जड होतं. त्या सकाळी किती होतं ते या हँडलला आता सांगता येणार नव्हतं. त्या संध्याकाळी फिरवून बघितलं असतं तर कळलं असतं. दुसऱ्या दिवशीही कळलं असतं. मी भ्यालो आणि त्या भीतीत ते सुकून गेलं.

आता ते कुणालाच कळणार नाही. मलाही नाही, मेलो तरी.

एक माणूस होता ज्याला कळलं होतं. त्यानं सांगितलं होतं, जड हाय, सांगून ठेवते.

मी नागाववाल्याला फोन केला. म्हटलं, ट्रक पाठवू नका. तो म्हणाला, "काका, राहू द्या हो, तुमच्यावर एवढं संकट..." मी म्हटलं, "संकट माझं. पण दोरी चुकीची बसलीय. चार पेडांची हाय, तीन पाहिजेत. अशी चालू केलीत तर दांडा जाळून ठेवेल. मी काढतो, मग न्या."

"मग गळणार नाही ना?"

"ती तीनच म्हणाली होती," मी म्हटलं. त्याला काही कळलं नसणार. हो म्हणाला.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा माझे हात काळे बघून थबकली. म्हणाली, "गाडीला हात लावलात?" मी म्हटलं, लावला. जरा बरी दिसली ती. तिला वाटलं, बाप जागेवर येतोय. तिनं चहा केला. मी सांगायला तोंड उघडलं, आणि तिनं खुंटीवरची ती पिशवी काढून तिच्या बॅगेत, कपड्यांमध्ये, जपून ठेवली. मी तोंड मिटलं. तिच्या एकटीजवळ सांगितलं तर ती मला सांभाळून घेईल, पाठीवरून हात फिरवेल, असू दे म्हणेल, आणि ते सांभाळणं मला नको होतं. खोटं ज्या दोघींच्या कानांवर घातलं त्या दोघींसमोरच काढायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "डॉक्टरीणबाईंकडं चल माझ्याबरोबर. निघायच्या आधी. येताना ती सुपारीची पिशवी घे."

"पिशवी कशाला? बाबा, छातीत दुखतंय का?"

"न्हाय. घे."

दवाखान्यात बाकावर आम्ही रांगेत बसलो. आमच्या आधी एक खोकणारा म्हातारा होता आणि पायाला काच लागलेली एक बाई. दोनदा उठून जावंसं वाटलं. एकदा उठलोही, मुलीनं विचारलं, कुठं, मी म्हटलं, पाणी प्यायला, आणि परत येऊन बसलो.

आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. बीपीच्या मशीनचा पट्टा उचलला, म्हणाल्या, "बसा बाबा. काय होतंय?"

मी बसलो नाही.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, काही जड काम केलं का. मी न्हाय म्हटलं. केलं होतं. मी हँडल फिरवायला लावलं तिला. जड हाय म्हणाली, तर मी गप म्हटलं. चार फेरे."

पट्टा त्यांच्या हातातच राहिला. मुलीकडं मी बघितलं नाही. तिच्या मांडीवर पिशवी होती, तेवढी बघितली.

"आणि ती सुपारी," मी म्हटलं, "मी सोललेली हाय."